टीव्हीवरचा दरफलक: लेबलमधली मराठी अक्षरं तुटतात, भावांचा रकाना हलतो

घणसोलीकर
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माझ्या मामाचा गाळा आहे. भाव अजूनही फळ्यावर खडूने लिहिले जातात. सकाळच्या गर्दीत फळा पुसून पुन्हा लिहायला कुणाला सवड नसते, त्यामुळे खरेदीदार प्रत्येक थप्पीपाशी येऊन "आज काय भाव?" विचारतात आणि मेहताजी तेच तेच सांगत राहतात. मामा म्हणाले, तू कॉम्प्युटरचं शिकतोयस ना, मग टीव्हीवर भाव दिसतील असं काहीतरी कर.

गाळ्यात ४३ इंची टीव्ही आहे, त्याच्या मागे तळहाताएवढा लिनक्स बोर्ड बसवलाय. प्रोग्राम पायथनमध्ये आहे, खिडकी आणि लेबलं (पडद्यावरचे मजकुराचे तुकडे) टीकेइंटरची, म्हणजे पायथनच्या खिडक्या बनवणाऱ्या भागाची. मेहताजी लॅपटॉपवर एका शीटमध्ये भाव भरतात, ती फाइल बोर्डावर येते, प्रोग्राम दर १० सेकंदांनी वाचतो आणि ओळी दाखवतो. डावीकडे माल, मध्ये प्रत, उजवीकडे किलोचा भाव.

घरच्या विंडोज लॅपटॉपवर सगळं देखणं दिसतं. गाळ्यात लावलं की 'गोल्टी' (लहान कांदा) या नावातला ल पाय मोडून वेगळा पडतो आणि टी त्याच्या शेजारी जाऊन बसते. 'चिंगळी' (त्याहूनही बारीक कांदा) या नावाची वेलांटी च च्या आधी यायची ती नंतर येते. 'दर्जा'चा रफार ज वर चढतच नाही, पाय मोडलेला र तसाच ओळीत उभा. फॉन्टचं नाव दोन्हीकडे तेच दिलंय.

शिवाय भाव बदलला की अख्खा रकाना इकडेतिकडे सरकतो. आकडे उजवीकडे चिकटावेत म्हणून लेबलला अँकर (मजकूर कुठल्या कडेला टेकवायचा तो पर्याय) 'ई', म्हणजे उजवी कड, दिला, पण ढिम्म फरक पडत नाही. आणि थोड्या वेळाने नव्या आकड्याच्या मागून जुन्या आकड्याची कड डोकावायला लागते.

मामांनी हौसेने टीव्ही घेतलाय. तुटकी अक्षरं त्यांच्या गिऱ्हाइकांसमोर लावायची मला इच्छा नाही. कुणी मार्ग सांगेल का?

मासुंदा
सोमवार, रात्री ११:०५

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे रोग आहेत. अक्षरं तुटण्याबद्दल इथल्या अक्षरवेल ताई माझ्यापेक्षा नीट सांगतील. मी मांडणीचं सांगतो.

लेबल बनवलं की ते आपल्या मजकुराएवढंच होतं. त्याच्या आत मजकूर सरकवायला जागाच उरत नाही, मग अँकर काय करणार? अँकर चालू होतो तो लेबलला मजकुरापेक्षा मोठी जागा मिळाल्यावर. ती जागा दोन तऱ्हांनी मिळते: एकतर लेबलला विड्थ द्या, नाहीतर ग्रिडमध्ये (ओळी-रकान्यांच्या मांडणीत) ठेवताना स्टिकीला (लेबल कुठल्या कडांना चिकटवायचं त्या पर्यायाला) 'ई-डब्ल्यू' द्या, म्हणजे लेबल रकानाभर ताणलं जाईल. मग अँकर 'ई' दिलात की आकडा उजव्या कडेला जाऊन टेकतो. पॅक ही दुसरी मांडणी वापरत असाल तर स्टिकीच्या जागी फिल 'एक्स'.

जस्टिफाय हा पर्याय याच्याशी लोक हमखास गोंधळवतात. तो फक्त अनेक ओळींच्या मजकुराला लागू आहे: ओळी एकमेकींशी डावीकडून जुळवायच्या, मधोमध की उजवीकडून, एवढंच तो ठरवतो. एका ओळीच्या भावाला जस्टिफाय देऊन काहीही होणार नाही.

रकाना हलतो कारण रकान्याची रुंदी त्यातल्या सगळ्यात लांब लेबलवरून ठरते. '९' चे '१२–१५' झाले की रकाना फुगणारच. रकान्याला आधीच किमान रुंदी बांधून द्या. कॉलमकॉन्फिगर करताना मिनसाइझ द्यायचा, आणि तो अंदाजाने न देता फॉन्टकडूनच मोजून घ्यायचा: फॉन्टच्या मेझर फंक्शनला '८८८–८८८' असा सगळ्यात लांब भाव द्या, ते पिक्सेलमध्ये रुंदी सांगतं. नावाच्या रकान्याला वेट १ द्या, म्हणजे उरलेली सगळी जागा तो घेईल.

जुन्याची कड डोकावते याचं कारण तुम्ही दर १० सेकंदांनी नवी लेबलं बनवून त्याच जागी ठेवताय. जुनी कुठे जात नाहीत, नव्यांच्या खाली तशीच राहतात. मजकूर आखूड झाला की खालचं दिसतं, आणि दिवसभरात खाली लेबलांची चळत साठते. लेबल एकदाच बनवा. पुढे फक्त मजकूर बदला, कॉन्फिगने किंवा स्ट्रिंगव्हार (मजकूर धरून ठेवणारा चल) लेबलच्या टेक्स्टव्हेरिएबलला जोडून. व्हारमध्ये नवा भाव घातला की लेबल आपोआप बदलतं. तो व्हार एखाद्या यादीत किंवा वस्तूत धरून ठेवा, फंक्शनपुरता बनवून सोडून देऊ नका.

आणखी एक. लेबल बनवून त्याच ओळीत पुढे टिंब देऊन ग्रिड लिहिलं असेल तर तुमच्या नावात लेबल साठतच नाही. ग्रिड काही परत देत नाही, तुमच्या हातात 'नन' येतो. बनवणं एका ओळीत, ठेवणं दुसऱ्या ओळीत. आणि १० सेकंद थांबायला स्लीप वापरू नका, खिडकी गोठते. आफ्टर वापरा.

घणसोलीकर
मंगळवार, सकाळी ७:३०

मासुंदा सर, खूप खूप आभार. नवी लेबलं बनवणं आणि ग्रिडची जोडओळ, दोन्ही माझ्या कोडमध्ये आहेत. स्टिकी दिल्या दिल्या आकडे कडेला जाऊन उभे राहिले! रकाना आता जागचा हलत नाही. अक्षरांचं मात्र तसंच आहे. कालपासून तीन-चार वेगवेगळे फॉन्ट टाकून बघितले.

अक्षरवेल
मंगळवार, दुपारी १:१८

मी नौपाड्यात राहते, अक्षरमांडणीचं काम करते, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

फॉन्ट बदलून हे सुटणार नाही. देवनागरीत टंकलेला क्रम आणि दिसणारा क्रम वेगळा असतो. 'गोल्टी' साठवलं जातं ते ग, ओकार, ल, हलन्त, ट, दीर्घ ईकार अशा सहा चिन्हांनी. डोळ्यांना अक्षरं दिसतात दोन. सहाची दोन करणं, ऱ्हस्व वेलांटी उचलून व्यंजनाच्या आधी नेणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं, ही घडण फॉन्टमधल्या नियमांनुसार एक वेगळं इंजिन करतं. विंडोजवर टीके (टीकेइंटरच्या आतलं खिडक्यांचं साधन) हे काम विंडोजकडून करून घेतो. मॅकवर मॅककडून. लिनक्सवर टीकेची ८.६ ही आवृत्ती एकेका चिन्हाचा आकार फॉन्टमधून उचलते आणि टंकलेल्या क्रमाने शेजारी शेजारी ठेवते. घडण करणारं कुणी मध्ये नसतंच. म्हणून तोच फॉन्ट घरी नीट आणि गाळ्यात तुटका.

याचा आणखी एक परिणाम ध्यानात घ्या. मासुंदांनी सांगितलेलं मेझर लिनक्सवर न घडलेल्या चिन्हांची रुंदी मोजेल. आकड्यांना त्याने बाधा येत नाही, कारण आकडे जोडले जात नाहीत. पण 'गोल्टी'ची रुंदी चुकीची येईल.

लेबलच्या विड्थबद्दलही सांगायला हवं. मजकुराच्या लेबलला विड्थ २० दिली तर टीके त्या फॉन्टमधल्या शून्याच्या २०पट रुंदी धरतो. त्याचा मराठी अक्षरांच्या संख्येशी काडीचा संबंध नाही. तसंच पायथनमध्ये नावापुढे रिकाम्या जागा भरून रकाने जुळवायची सवय मराठीसाठी सोडून द्या. ते चिन्हं मोजतं, अक्षरं नाही. 'कांदा' पाच चिन्हांचा, 'बटाटा'ही पाच चिन्हांचा, आणि पडद्यावर बटाटाच लांब.

कुठलंही टूलकिट (खिडक्या-लेबलं बनवायचं साधन) निवडण्याआधी एकच ओळ लेबलमध्ये टाकून बघा: "पांढऱ्या कांद्याची आवक, दुसऱ्या प्रतीचा दर्जा, चिंगळी, गोल्टी, लसूण". यात रफार आहे, जोडाक्षरं आहेत, वेलांट्या आहेत आणि 'ऱ्य'मधला आपला आडवा र आहे. तो र युनिकोडमध्ये ऱ आणि हलन्त असा लिहायचा असतो. साधा र आणि हलन्त लिहिलात तर 'पांढर्या' होऊन रफार चढतो आणि वाचणारा अडखळतो. जमलं तर ल आणि श यांचं मराठी वळण असलेला फॉन्ट घ्या. चालेल असा फॉन्ट बोर्डावर आहे का ते बघायला एफसी-लिस्ट या फॉन्टांची यादी देणाऱ्या कमांडला एमआर (मराठी) भाषेची चाळणी लावा. विंडोजवर निर्मला यूआय असतो, लिनक्सवर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित सहज मिळतात. 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता हा फॉन्टही दुरून सुरेख वाचता येतो, आणि मोफत आहे.

फॉन्टचं नाव चुकलं तर टीके तक्रार करत नाही, गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो. खरा कुठला लागलाय ते फॉन्टच्या ॲक्च्युअल फंक्शनला विचारा.

पारसिक
मंगळवार, संध्याकाळी ८:४०

महापेला ऑफिसात वर्षानुवर्षं क्यूटी (टीकेसारखंच एक टूलकिट) वापरतोय. माझं स्पष्ट मत आहे: लिनक्सवर मराठी दाखवायची असेल तर टीके सोडा, क्यूटी घ्या. क्यूटी ५ पासून हार्फबझ हे घडणीचं इंजिन आतच आहे. जीटीके या आणखी एका टूलकिटकडे पँगो (मजकूर मांडणारा भाग) आहे आणि पँगोही हार्फबझच वापरतो. दोन्हीकडे लेबल बनवलं, मराठी मजकूर दिला, की अक्षर जसं हवं तसं उमटतं.

क्यूलेबलची, म्हणजे क्यूटीतल्या लेबलची, मांडणी तुम्हाला परकी वाटणार नाही. सेटटेक्स्टने मजकूर, सेटअलाइनमेंटने बाजू. फक्त 'उजवीकडे' एवढंच दिलंत तर उभ्या दिशेचं मधोमध असणं निघून जातं आणि मजकूर वर जाऊन बसतो. 'उजवीकडे' आणि 'उभ्या दिशेने मध्ये' असे दोन्ही जोडून द्या. किमान रुंदीसाठी क्यूफॉन्टमेट्रिक्सचं हॉरिझॉन्टलॲडव्हान्स आहे, आणि ते घडलेल्या मजकुराची रुंदी मोजतं, त्यामुळे मराठी नावांनाही चालतं.

एक सावधगिरी. क्यूलेबल मजकूर बघून स्वतःच ठरवतं की हा साधा आहे की एचटीएमएलसारखा सजवलेला. मेहताजींनी कधी कोनी कंस टाकले तर अर्धा मजकूर गायब व्हायचा. बाहेरच्या फाइलमधून येणाऱ्या मजकुराला टेक्स्टफॉर्मॅट 'प्लेन' करून टाका.

बोर्डावर पिपने (पायथनच्या इन्स्टॉलरने) क्यूटी चढवायला जाऊ नका, जुन्या ३२-बिट बोर्डांवर तर अजिबात नाही. डेबियन लिनक्सच्या भांडारातलं तयार पायक्यूटी ५ (पायथनसाठीचं क्यूटी) घ्या. स्वतःच्या गाळ्यापुरतं आहे तोवर परवान्याचा प्रश्न नाही. पुढे हा प्रोग्राम बंद कोडसकट विकणार असाल तर मात्र बघा: पायक्यूटी जीपीएलखाली आहे (त्यात तुमचा कोडही खुला करावा लागतो), क्यूटीचं दुसरं पायथन रूप पायसाइड एलजीपीएलखाली (त्यात तुमचा कोड बंद ठेवता येतो).

मासुंदा
मंगळवार, रात्री ९:५५

पारसिक साहेब, तुमचं म्हणणं पटतं, पण पोराने टीकेइंटरमध्ये सगळं उभं केलंय आणि ओळी आठ-दहाच आहेत. टीके ठेवूनही मार्ग निघतो. मजकुराचं चित्र बनवायचं आणि ते लेबलला द्यायचं. पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीत राक्म हे मांडणीचं इंजिन जोडलेलं असेल तर देवनागरी नीट घडते. पिलोच्या फीचर्स भागात राक्म आहे का ते आधी विचारून घ्या. नसेल तर चित्रातही अक्षरं तशीच तुटलेली येतील.

या मार्गावर दोन खड्डे आहेत. चित्राचं ऑब्जेक्ट फंक्शनमध्ये बनवून लेबलला दिलंत आणि फंक्शन संपलं, की पायथन ते चित्र टाकून देतो आणि लेबल कोरं दिसतं. लेबललाच एखादं नाव जोडून त्यात चित्र धरून ठेवा. दुसरा खड्डा विड्थचा. लेबलमध्ये चित्र आलं की विड्थ आणि हाइट पिक्सेलमध्ये मोजल्या जातात. आधीची विड्थ २० तशीच राहिली तर २० पिक्सेलची चिंचोळी पट्टी दिसेल. चित्र लावताना विड्थ काढूनच टाका.

भावांच्या आकड्यांना चित्राची गरज नाही, ते मजकूर म्हणूनच ठेवा. नावं आणि प्रती रोज बदलत नाहीत, त्यांची चित्रं सुरुवातीलाच एकदा बनतील.

पारसिक
मंगळवार, रात्री १०:२०

चालेल, पण टिकणार नाही असं मला वाटतं. उद्या मेहताजी नवीन माल घालतील, खालच्या पट्टीत "उद्या मार्केट बंद" लिहायचं म्हणतील, लांब मजकूर दोन ओळींत मोडायला लागेल. टीकेच्या मजकुराला रॅपलेंग्थ आहे, क्यूलेबलला वर्डरॅप आहे, चित्राला काहीच नाही. ओळ कुठे मोडायची ते तुम्हीच मोजत बसणार. आठ लेबलांचा प्रोग्राम क्यूटीत नव्याने लिहायला एक संध्याकाळ पुरते.

रंगकुंचला
बुधवार, सकाळी ११:००

मला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. मुलाने हा धागा दाखवला. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत मी उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवल्या, म्हणून चार गोष्टी सांगतो.

४३ इंची टीव्हीची उंची साधारण २१ इंच. आठ ओळी घातल्या तर ओळीला अडीच इंच येतात. त्यातले अडीचही अक्षराला मिळत नाहीत. आपल्या लिपीला शिरोरेषेच्या वर जागा लागते, 'गोल्टी'ची वेलांटी आणि ओकार तिथे जातात, आणि खाली उकार लागतो, 'लसूण'चा. ओळ दाबून बसवली तर आधी उकार कापला जातो आणि 'लसूण'चा 'लसण' होतो. रंगवताना आम्ही आधी शिरोरेषा मारायचो, तिच्यापासून वर आणि खाली मापून ठेवायचो, मग अक्षर. आठ ओळी मावत नसतील तर सहा करा आणि दोन पानं आलटून पालटून दाखवा, पण अक्षर बारीक करू नका.

नाव आणि भाव यांत फार अंतर ठेवलंत तर लांबून बघणाऱ्याची नजर ओळ सोडते. एक ओळ काळ्यावर, एक गडद करड्यावर अशी आलटून घ्या, नजर सरळ जाते. नाव पांढरं, भाव पिवळा. भाव चढला-उतरला हे फक्त लाल-हिरव्याने सांगू नका. लाल आणि हिरवा वेगळे न दिसणारे पुष्कळ लोक असतात. बाणाची खूण जोडा.

प्रत नावापेक्षा थोडी लहान असू द्या. कांदा आहे हे गिऱ्हाईक थप्पी बघून ओळखतो, त्याला भाव आणि प्रत हवी असते, पण सुरुवात नावापासूनच करतो. आणि लावायच्या आधी गाळ्याच्या तोंडाशी, जिथे गाडी लागते तिथे उभे राहून वाचून बघा. पडद्यापुढे बसून मोठं वाटलेलं अक्षर तिथून फार लहान दिसतं.

अक्षरवेल
बुधवार, दुपारी १२:२४

काका, तुमचा हा प्रतिसाद मी जपून ठेवणार आहे. शिरोरेषेपासून मापणं हीच देवनागरीची खरी रीत.

घणसोलीकर, काकांचं म्हणणं लेबलच्या भाषेत असं: ओळीची उंची फॉन्टच्या आकारावरून ठरवू नका, फॉन्टच्या लाइनस्पेसवरून (एका ओळीला लागणाऱ्या पूर्ण उंचीवरून) ठरवा. देवनागरी फॉन्टांत तो आकाराच्या बराच वर असतो. पडदा १०८० पिक्सेल उंच असेल तर सहा ओळी आणि एक मथळा मिळून ओळीला १५० पिक्सेलच्या आसपास येतात. लाइनस्पेस त्यात बसेल असा आकार शोधा, वर-खाली पॅडिंग सोडून. टीके वापरत असाल तर आकार ऋण आकड्यात द्या, म्हणजे तो पिक्सेलमध्ये धरला जातो. धन आकडा पॉइंटमध्ये असतो आणि टीव्ही स्वतःची जी माहिती बोर्डाला देतो तिच्यावर अवलंबून राहतो. क्यूटीत सेटपिक्सेलसाइझ आहे.

सानपाडा९
बुधवार, दुपारी ३:०७

मध्येच विचारतो, क्षमा असावी. मी टीकेइंटरचा टीटीके भाग वापरतोय. त्यातल्या लेबलला एफजी (अक्षरांचा रंग) दिलं की 'अननोन ऑप्शन' म्हणतो. साध्या लेबलला चालतं ते इथे का नाही?

मासुंदा
बुधवार, संध्याकाळी ६:४५

टीटीकेच्या लेबलला एफजी-बीजी ही आखूड नावं माहीत नाहीत. फोरग्राउंड, बॅकग्राउंड अशी पूर्ण नावं द्या. पॅडएक्स-पॅडवायच्या जागी पॅडिंग आहे आणि हाइट मुळात नाहीच. टीटीके २००७ मध्ये टीके ८.५ बरोबर आलं ते रंगरूप स्टाइलमध्ये एका जागी ठेवायला. दहा लेबलं एकसारखी हवी असतील तर 'भाव.टीलेबल' अशी स्वतःची स्टाइल बांधा. टिंबानंतरचं टीलेबल जसंच्या तसं हवं, त्याआधी काहीही नाव चालेल. एखाद-दुसऱ्या लेबलला रंग द्यायचा असेल तर साधं लेबल बरं.

सानपाडा९
बुधवार, संध्याकाळी ७:१०

चाललं. धन्यवाद सर!

पारसिक
बुधवार, रात्री ९:३२

घणसोलीकर, आकड्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पायथन आकडा छापताना १२३ असे देवनागरी अंक आपणहून देत नाही. दहा अंकांची एक ट्रान्सलेट सारणी (कुठल्या अंकाच्या जागी कुठला, अशी) बनवा आणि लेबलला मजकूर द्यायच्या अगदी शेवटच्या पायरीला लावा. उलट दिशा आयती मिळते: पायथनचं इंट देवनागरी अंक सरळ वाचतं, त्यामुळे मेहताजींनी शीटमध्ये कुठलेही अंक टाकले तरी चालतात. गोण्यांची आवक दाखवणार असाल तर स्वल्पविरामाची तयार सोय वापरू नका, ती तीन-तीनचे गट पाडते. सव्वा लाखाला आपल्याला १,२५,००० हवं, ते छोटं फंक्शन स्वतः लिहा.

शीट एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) म्हणून साठवली की फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह बसतं आणि पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, ते चिन्ह गळून जातं. आणि मेहताजींची जुनी नावं एखाद्या बिगर-युनिकोड फॉन्टात असतील तर लेबलमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. तसं असलं तर नावं एकदाच युनिकोडमध्ये टंकून घ्या, मालाची नावं आहेत तरी किती.

रुपयाचं चिन्ह २०१० साली ठरलं, त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं. मग दुसऱ्याच फॉन्टातून उसनं येतं आणि वेगळ्या जाडीचं दिसतं. मथळ्यात एकदाच 'रु. / किलो' लिहिलंत तर प्रत्येक ओळीत चिन्हाची गरजच नाही.

घणसोलीकर
रविवार, सायंकाळी ५:२०

मंडळी, दरफलक लागला!

आधी मासुंदा सरांच्या सांगण्याप्रमाणे चित्रांचा मार्ग करून बघितला. अक्षरं सुरेख आली, पण मामांनी लगेच खालच्या पट्टीत सूचना मागितली आणि पारसिक सर म्हणाले होते तिथेच गाडी अडली. मग क्यूटीत नव्याने लिहिलं. अक्षरवेल ताईंची ओळ सगळ्यात आधी एका लेबलमध्ये टाकली. 'पांढऱ्या', 'दर्जा', 'गोल्टी', सगळं पहिल्या फटक्यात बरोबर उमटलं. तेव्हा जो आनंद झाला तो काय सांगू.

आता सहा ओळींची दोन पानं आहेत, एक कांद्याचं, एक बटाटा-लसणाचं. लेबलं सुरुवातीलाच एकदा बनतात, नंतर फक्त मजकूर बदलतो. फॉन्ट मुक्ता, नाव ठळक, प्रत त्याहून लहान. भावाच्या लेबलला '८८८–८८८' मोजून किमान रुंदी बांधली, उजवीकडे आणि उभ्या दिशेने मध्ये. सगळ्या लेबलांना टेक्स्टफॉर्मॅट प्लेन. खालच्या सूचनेला वर्डरॅप. ओळी काळ्या-करड्या, भाव पिवळा, चढ-उताराला बाण.

काकांनी सांगितलं तसं गाडी लागते तिथे उभं राहून वाचलं. तिथून प्रत नीट लागत नव्हती, म्हणून ती वाढवली आणि नावाचा आकार थोडा कमी केला. 'लसूण'चा उकार पूर्ण दिसतो. मेहताजी आता विचारणाऱ्याला नुसता टीव्हीकडे हात करतात.

सानपाडा९
रविवार, सायंकाळी ६:०२

अभिनंदन! माझे काका फळ मार्केटात आहेत, हापूसच्या दिवसांत त्यांना असंच हवंय. तिथे भाव पेटीवर आणि पेटीत डझन कमी-जास्त. तुमचा कोड घेतला तर चालेल का?

घणसोलीकर
रविवार, सायंकाळी ६:४०

अवश्य घ्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. प्रतीच्या रकान्याच्या जागी 'डझन' असा रकाना घ्या. मथळ्यात 'रु. / किलो' आहे ते 'रु. / पेटी' करा. पेटीचे भाव चार आकडी जातात, म्हणून किमान रुंदी '८,८८८–८,८८८' अशी मोजून बांधा, नाहीतर तुमचाही रकाना हलायला लागेल. देवगड आणि रत्नागिरी वेगळ्या ओळींत ठेवणार असाल तर नावं लांब होतील, तेव्हा नावाच्या लेबलची रुंदीही आधी मोजून बघा.